दुखणें कीं सोंग?

आपल्या मराठी भाषेनें पोट या अवयवावर जेवढीं कामें लादलीं आहेत तेवढीं दुसऱ्या कोणत्याच अवयवावर लादलेलीं नाहींत. भूक लागली कीं पोटांत कावळे ओरडतात. भय वाटलें कीं पोटांत गोळा येतो. दुसऱ्याचें बरें पाहवेनासें झालें कीं पोटांत दुखूं लागतें. गुपित सांगावयाचें नसलें कीं तें पोटांत ठेवावें लागतें. आणि मनांत एक व बोलण्यांत दुसरें असेल त्या मनुष्याच्या पोटांत एक नि ओठांत एक असतें. भूक, भय, मत्सर, गुपित आणि कपट अशीं सारीं बिऱ्हाडें या एकाच वाड्यांत नांदतात. असें असतां, परीक्षेच्या दिवशीं सकाळीं तेरा वर्षांचा मुलगा 'आई, माझें पोट दुखतें' असें म्हणाला, तर घरांतील वडील माणसांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो मात्र 'सोंग' हा! ज्या भाषेला मनाचा आणि पोटाचा संबंध इतका चांगला ठाऊक, ती बोलणाऱ्यांनीं मुलांच्या बाबतींत तेवढा तो विसरावा, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

वयांत येणाऱ्या मुलामुलींच्या अशा दुखण्यांविषयीं चार शब्द लिहावे, असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस होतें. जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें हा विषय मांडण्यास वार्षिक अंकासारखी दुसरी सोयीची जागा नाहीं. कारण हा अंक घरीं जातो, आणि विद्यार्थ्यानें आपलें व आपल्या मित्रांचें नांव त्यांत कोठें छापलें आहे हें पाहून घेतल्यावर तो बहुधा आईच्या किंवा आजोबांच्या हातीं पडतो. आमचें म्हणणें त्या दुसऱ्या वाचकांनींहि ऐकावें, अशी आमची विनंती आहे.

मनावरील ताण शरीराच्या वाटेनें बाहेर पडतो, तेव्हां त्या लक्षणांस हल्लीं मनोकायिक लक्षणें म्हणतात. या शब्दांत 'मन' आल्यामुळें दुखणें काल्पनिक आहे असा पुष्कळांचा ग्रह होतो. तो अगदीं चुकीचा आहे. भय वाटलें कीं हृदय जलद चालूं लागतें, श्वास वरवरचा होतो, तोंडाला कोरड पडते, आंतड्यांची हालचाल बदलते, मानेचे व घशाचे स्नायु आवळले जातात. हें सारें डॉक्टरांना मोजतां येण्यासारखें आहे. समोर जनावर उभें राहिलें असतां शरीराचा हा बंदोबस्त उपयोगी पडतो. परंतु गणिताचा तास, वसतिगृहांतील एकटेपणा, घरांत रात्रीं चालणारें कर्जाचें बोलणें, किंवा थोरल्या बहिणीच्या लग्नाची घाई यांच्यापुढून पळून जातां येत नाहीं आणि त्यांच्याशीं झुंजतांहि येत नाहीं. मग आवळलेले स्नायु आवळलेलेच राहतात, आणि खरोखर दुखूं लागतात. मुलगा 'दुखतें' म्हणतो तेव्हां त्याला दुखतच असतें.

डोकें, पोट आणि छाती यांच्या तक्रारी डॉक्टरांकडे जातात. घसा, श्वास आणि वाचा यांच्या तक्रारी मात्र फिरत फिरत शेवटीं वाचोपचारतज्ज्ञांपाशीं येऊन पोंचतात. लोक त्यांना 'स्पीच थेरपिस्ट' म्हणतात, आणि उशिरां बोलूं लागणाऱ्या लहान मुलांनाच त्यांची गरज असते असें समजतात. ही विद्या आपल्या देशांत तशी नवीनच. १९६५ सालीं म्हैसूर येथें अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली, आणि १९८३ सालीं मुंबईस अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था निघाली. तेव्हां आमच्या आजोबांनीं या लोकांचें नांवहि ऐकलेलें नव्हतें, यांत नवल नाहीं. नवल हें कीं आजहि नारायणगांवासारख्या, तमाशाच्या फडांमुळें साऱ्या महाराष्ट्रांत गाजलेल्या आणि गळ्यावर पोट भरणाऱ्यांचें मोल जाणणाऱ्या गांवांतसुद्धां गळा बिघडला कीं ज्येष्ठमध, खडीसाखर आणि हळदीचें दूध यांच्यापुढें सहसा कोणाची मजल जात नाहीं. डोंगराकडचे लोक खोकल्याला हिरडा तोंडांत धरतात. हीं औषधें निरुपद्रवी आहेत, त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. पण घशाचें प्रत्येक दुखणें घशांतच जन्मलेलें नसतें.

एक उदाहरण घेऊं. एखादी चांगली बोलकी मुलगी सकाळीं उठते, आणि तिचा आवाज गेलेला असतो. ओठ हलतात, कुजबुज ऐकूं येते, परंतु स्वर फुटत नाहीं. सर्दी नाहीं, ताप नाहीं. घरांत धांवपळ उडते. अशा वेळीं जाणता वाचोपचारतज्ज्ञ तिला 'बोल, बोल' असा आग्रह करीत नाहीं. तो तिला खोकावयास सांगतो. खोकला जर खणखणीत, आवाजासहित आला, तर तिच्या दोन्ही स्वरतंतू एकमेकींस मिळूं शकतात हें तेथेंच दिसून येतें. मग त्या खोकल्यापासून हुंकार, हुंकारापासून 'म', आणि 'म'पासून 'मामा', अशा पायऱ्या चढत आवाज परत आणतां येतो. कित्येकदां तो पहिल्या एकदोन भेटींतच येतो. येथें एक धोका आहे तो पालकांनीं ध्यानांत ठेवावा. 'खोकतांना आवाज येतो, म्हणजे ही मुद्दामच बोलत नाहीं' असा निष्कर्ष जो काढील त्यानें त्या मुलीचा घातच केला म्हणावयाचा. खोकला आपोआप येतो आणि बोलणें इच्छेनें होतें. या दोहोंच्या वाटा निराळ्या आहेत, आणि दुसरी वाट बंद झाली आहे हें त्या मुलीच्या हातचें नाहीं. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत कित्येक शिपायांची वाचा घशाला ओरखडाहि न लागतां गेली होती. त्यांतील कांहींस भित्रे ठरविण्यांत आलें, कांहींच्या घशास विजेचे झटके देण्यांत आले. खंदकांत तोफांपुढें उभ्या राहिलेल्या माणसांना भित्रे म्हणणें जितकें शहाणपणाचें, तितकेंच या मुलीस ढोंगी म्हणणें शहाणपणाचें आहे.

मुलांच्या बाबतींत आणखी एक प्रकार आढळतो. बारा ते पंधरा या वयांत मुलाचा आवाज फुटतो. स्वरयंत्र मोठें होतें, स्वरतंतू लांब व जाड होतात, आणि आवाज सुमारे एक सप्तक खालीं उतरतो. मुलींचाहि आवाज उतरतो, पण तो थोडाच, म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कांहीं मुलांचें स्वरयंत्र वाढतें, मिसरूड फुटते, उंची बापाच्या बरोबरीस येते, आणि आवाज मात्र पूर्वींसारखाच पातळ राहतो. वर्गांत हंशा पिकतो. 'बायकी आवाज' असें नांव पडतें. मग मुलगा प्रकट वाचनाच्या तासाला डोकें दुखल्याची तक्रार घेऊन येतो. त्याच्या डोक्यावर गोळ्या देणाऱ्यास त्याच्या गळ्याची कथा कोणी सांगत नाहीं. वास्तविक अशा मुलाला खोकावयास किंवा मोकळेपणीं हंसावयास लावलें कीं पुष्कळदां त्याचा खरा, पुरुषी स्वर क्षणभर ऐकूं येतो. आणि तेवढा धागा सांपडला कीं थोड्या आठवड्यांच्या शिक्षणानें तो आवाज कायमचा बसवितां येतो. हा उपाय इतका सोपा असतां आमच्या भागांतील मुलें तीं वर्षें मान खालीं घालून काढतात, याचें आम्हांस वाईट वाटतें. अर्थात् शरीराच्या वाढींतच कांहीं कमी आहे किंवा कानाला कमी ऐकूं येतें असें तर नाहीं ना, हें आधीं डॉक्टरांनीं पाहिलें पाहिजे.

बोलतांना अडखळणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून वेगळा आहे. अडखळणें बहुधा दोन ते पांच वर्षांच्या वयांत सुरू होतें. त्याचीं मुळें मेंदूच्या कामाच्या पद्धतींत आणि आनुवंशिकतेंत असतात. भय त्यांत भर घालतें, पण भय त्याचें मूळ नव्हे. म्हणून अडखळणाऱ्या मुलास 'धीट हो म्हणजे सुटेल' असा उपदेश करूं नये. मात्र आजवर सरळ बोलणारा मुलगा चौदाव्या वर्षीं एकाएकीं अडखळूं लागला तर तें दुर्लक्ष करण्यासारखें नाहीं. तेथें डॉक्टर आणि वाचोपचारतज्ज्ञ दोघांचीहि गांठ घ्यावी.

आतां कोणी विचारील कीं, सारें दुखणें मनाचेंच म्हणून ठरवावयाचें काय? मुळींच नाहीं. आम्हांस सोंग म्हणणाऱ्यांची जितकी भीति वाटते तितकीच 'तें सगळें मनाचें आहे' म्हणून हात झटकणाऱ्यांचीहि वाटते. क्षय अजून आपल्या देशांतून गेलेला नाहीं. तीन आठवड्यांवर घोगरा राहिलेला आवाज, घांस गिळतांना अडथळा, खोकल्यांतून रक्त, संध्याकाळचा ताप, उतरत जाणारें वजन, झोपेंतून उठविणारी कळ, सकाळीं डोकें दुखून होणारी उलटी, श्वास घेतांना होणारा आवाज यांपैकीं कांहींहि असेल तर प्रथम डॉक्टर, आणि घशाचें असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. घशांत गोळा असल्यासारखें वाटतें पण घांस सुखानें उतरतो, किंबहुना जेवतांना बरेंच वाटतें, असें असलें तर भीतीचें कारण पुष्कळ कमी. मुलींत रक्ताची कमतरता, मुलांत न ओळखलेला चष्मा, आणि दोघांतहि रिकाम्या पोटीं शाळेला येणें, यांनीं होणारी डोकेदुखी तर इतकी सामान्य आहे कीं तिला मनाच्या खात्यावर टाकणें हा निव्वळ आळस होय. शरीर आणि मन दोन्ही एकाच वेळीं पाहावयाचीं असतात. आधीं साऱ्या तपासण्या, त्यांत कांहीं निघालें नाहीं म्हणजे मग मन, हा क्रम मुलाला असें शिकवितो कीं यंत्रांत कांहीं सांपडेपर्यंत आपल्यावर कोणाचा विश्वास बसावयाचा नाहीं.

येथवरचें पुस्तकी ज्ञान पुण्यांतील कोणत्याहि तज्ज्ञापाशीं असतें. आमच्या मुलांची अडचण याच्या पुढें सुरू होते. तपासणाऱ्याच्या हातांत जे प्रश्नांचे तक्ते असतात, ते बहुधा इंग्लंड-अमेरिकेंतील मुलांसाठीं तयार झालेले आणि मागाहून मराठींत उतरविलेले असतात. शब्दाला शब्द ठेवला म्हणजे भाषांतर झालें, असा या कामांतील कित्येकांचा समज दिसतो. 'तुझ्या पोटांत गोळा येतो का?' असें विचारल्यावर मुलगा 'हो' म्हणाला, तर तें भयाविषयीं म्हणाला कीं वायूच्या दुखण्याविषयीं? 'डोकें उठतें' म्हणजे डोकें दुखतें कीं घरांतील कटकटीनें संताप येतो? 'कसंतरी होतंय' या दोन शब्दांत मळमळ, चक्कर, उदासी आणि धास्ती हीं चारहि मावतात, आणि आमच्या भागांतील मुलगी अगदीं लाजेच्या गोष्टीपर्यंत आली कीं एवढेंच बोलते. दातखीळ बसणें, बोबडी वळणें, जीव घाबरा होणें, घशाला कोरड पडणें, तोंडांतून शब्द न फुटणें, हातापायांतलें बळ जाणें: वाचेच्या आणि भयाच्या नात्यावर एवढी संपत्ति आपल्या भाषेंत पडलेली असतां ती एका बाजूस ठेवून परक्या तक्त्याचें लुळें भाषांतर कां वापरावें, हें आम्हांस समजत नाहीं.

शब्दांपेक्षांहि गांव ठाऊक नसल्यानें होणारा घोटाळा मोठा. 'रात्रीं बाहेर जाण्याची भीति वाटते का? वाघ दिसतो असें वाटतें का?' या प्रश्नांना 'हो' असें उत्तर शहरांतील मुलानें दिलें तर तें मनाच्या विकाराचें चिन्ह ठरेल. पण जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यांत बिबट्या खरोखर राहतो, लोक त्यालाच वाघ म्हणतात, आणि माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठीं स्वतंत्र केंद्र आहे. येथील मुलगी अंधार पडल्यावर परसाकडे जाण्याचें टाळते, त्यासाठीं संध्याकाळपासून पाणी पीत नाहीं, आणि मग तिचें ओटीपोट दुखतें, तर या साखळींत पहिली कडी शहाणपणाची आहे हें तपासणाऱ्यास कळावयास पाहिजे. तसेंच पावसाचें. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंच्या आसपास माणसें गेलीं. त्या डोंगराच्या आसऱ्यानें राहणाऱ्या वाड्यांतील एखाद्या मुलाची छाती मुसळधार पावसाच्या रात्रीं धडधडत असेल, तर 'हवामानाचा आणि लक्षणांचा संबंध आढळला' एवढी नोंद करून काय उपयोग? ज्याला ती तारीख ठाऊक नाहीं त्याला तें दुखणें वाचतांच येणार नाहीं.

आणि आतां त्या गप्प मुलीचें. समजा, आहुपे किंवा घाटघरकडील एक मुलगी आठवीला वसतिगृहांत आली. घरीं ती आपल्या डोंगरी बोलींत भरभर बोलते. शाळेंत दोन महिने झाले तरी तोंड उघडत नाहीं. वाचाशास्त्रांत एक विकार असा आहे कीं मूल घरीं बोलतें आणि शाळेंत मुकें होतें. तो विकार खरा आहे. पण तो बहुधा पांचव्या वर्षाच्या आंतच सुरू होतो, आणि शाळेची भाषा नीट येत नाहीं म्हणून किंवा शाळेंतील पहिल्या महिन्याच्या बुजरेपणामुळें मूल गप्प असेल तर त्याला तें नांव देऊं नये, असा त्या शास्त्राचाच नियम आहे. महादेव कोळी व ठाकर घरांतील मुलांची मराठी ही मराठीच आहे, पण ती क्रमिक पुस्तकांतली नव्हे. पहिल्या आठवड्यांत तिनें एक वाक्य आपल्या पद्धतीनें उच्चारलें आणि बांकांवरून खसखस ऐकूं आली, तर दुसरें वाक्य ती कां उच्चारील? ही वाचा गेलेली नाहीं, ती आवरून धरलेली आहे. विद्यार्थ्यांनो, या रोगाचें औषध कोणत्याहि दवाखान्यांत मिळत नाहीं. तें तुमच्या बांकावर आहे.

'हीं अंगावर काढण्याचीं दुखणीं अडाणी खेडवळांनाच होतात, शिकलेला माणूस मनाचें दुःख मनाच्या शब्दांत सांगतो,' असेंहि एक मत सुशिक्षितांत ऐकूं येतें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १४ देशांतील दवाखान्यांत आलेल्या, खिन्नतेनें ग्रासलेल्या मोठ्या माणसांची पाहणी होती. आपलें बंगलोरहि त्यांत होतें. शंभरांपैकीं सुमारे ६९ जणांनीं डॉक्टरांना सांगितल्या त्या साऱ्या शरीराच्याच तक्रारी! आणि स्पष्ट विचारल्यावरहि मनाचें कांहींच न सांगणारे शंभरांत ११च निघाले. म्हणजे पॅरिसपासून बंगलोरपर्यंत माणूस प्रथम शरीराचेंच बोलतो, आणि विचारलें तर मनाचेंहि सांगतो. अडतें तें विचारण्यावांचून.

कसें विचारावें याचा एक चांगला नमुना आर्थर क्लाइनमन या अमेरिकन डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं घालून दिला. रोग्यालाच विचारावयाचें: या दुखण्याला तुम्ही काय म्हणतां? तें कशानें झालें असें तुम्हांस वाटतें? तें आतांच कां सुरू झालें? त्यानें तुमचें काय अडतें? त्यांत तुम्हांला सर्वांत अधिक भय कशाचें वाटतें? पुढें २०१३ सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथांतहि अशा सोळा प्रश्नांची एक मुलाखत घालण्यांत आली. प्रश्न अगदीं साधे आहेत. आमच्याकडील एखादी अनुभवी सुईण किंवा शेजारची म्हातारी असेच विचारते. पण ते विचारल्यावर 'बाहेरचं काही असेल' किंवा 'नजर लागली' असें उत्तर आलें, तर शहरी तज्ज्ञानें हंसूं नये, हें महत्त्वाचें. 'बाहेरचं' म्हणणारी आई हेंच सांगत असते कीं दुखणें माझ्या मुलीच्या स्वभावांतलें नाहीं, तिच्यावर बाहेरून कांहीं आलें आहे. काय आलें, हें शोधण्याचें काम तेथून सुरू होतें. मात्र देवऋषीनें मुलीस मारझोड करावी, धूर द्यावा, उपाशी ठेवावें, याला आमची मुळींच संमति नाहीं. भूत काढण्याच्या नांवाखालीं छळ करणें हा आपल्या राज्यांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे.

बाहेरून आलेली गोष्ट कधीं कधीं फार वाईटहि असते. वाचा जाते ती पुष्कळदां सांगूं नये असें कांहीं घडलें आहे म्हणून. एखाद्या वडील माणसानें मुलाशीं किंवा मुलीशीं अश्लाघ्य वर्तन केलें असेल, 'कोणाला सांगशील तर बघ' असा दम भरला असेल, तर त्या मुलाचा घसा तो दम अक्षरशः पाळतो. म्हणून तपासणाऱ्यानें मुलाशीं थोडा वेळ एकट्यानें बोललें पाहिजे, आणि दुभाष्याची गरज पडली तर आई, काका किंवा भाऊ यांस दुभाषी करूं नये. पालकांना हें आवडत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. 'आमच्यापासून लपविण्यासारखें आमच्या मुलाचें काय असणार?' असें ते म्हणतात. कांहीं नसेल तर दहा मिनिटें गेलीं एवढेंच. आणि असेल तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें तें ऐकणाऱ्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ करावा, पंधराच्या पाढ्याइतका.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाहीं. 'असें प्रत्येक दुखणें मनावर घेतलें तर मुलें लाडावतील; पोट दुखलें कीं शाळा बुडेल.' शाळा बुडूं देऊं नये, याविषयीं आमचें आक्षेपकांशीं एकमत आहे. घरीं राहिल्यानें दुखणें दुसऱ्या दिवशीं अधिक जोरानें येतें, तिसऱ्या दिवशीं त्याहून जोरानें, आणि पंधरा दिवसांनीं वर्गाचें दारच डोंगराएवढें वाटूं लागतें. पण दुखणें खरें मानून मुलाला शाळेंत आणणें आणि तें खोटें मानून ओढीत आणणें, यांत फरक आहे. पहिल्या रीतीनें आलेल्या मुलाला आपण सांगूं शकतों: 'तुझें दुखतें हें आम्हांस मान्य आहे, दुखलें तर दहा मिनिटें कार्यालयांत बस, पाणी पी, श्वास सावकाश सोड, आणि परत वर्गांत ये. प्रकट वाचन आज एका ओळीचें, पुढच्या आठवड्यांत चार ओळींचें.' याला लाड म्हणत नाहींत. पाय मोडलेल्या मुलास आपण कुबडी देतों तसेंच हें आहे. उलट ज्या मुलाला 'सोंगाड्या' हें नांव एकदां मिळालें, त्याला तें नांव खोटें ठरविण्यासाठीं अधिकच आजारी पडावें लागतें. आपलें दुखणें खरें आहे हें सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग आपण त्याला ठेवलेलाच नसतो.

आतां सोयीविषयीं. जुन्नरहून पुणें सुमारे ९० किलोमीटर. डोंगरांतील वाडीवरून निघणाऱ्यास तें त्याहूनहि लांब. आणि वाचोपचाराला एकदां जाऊन भागत नाहीं, आठवड्याआड जावें लागतें. मजुरी बुडवून हें किती घरांना परवडणार? खोडदच्या माळावर आकाशांतील अतिक्षीण लहरी ऐकण्यासाठीं ४५ मीटर व्यासाच्या ताटल्या मांडणारा हा आमचा तालुका. येथें एका मुलीची कुजबुज ऐकणारा माणूस महिन्यांतून चार वेळां तरी बसावा, ही मागणी मोठी नाहीं. २०१३ सालीं पालघर येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें शाळांत तपासणीस येतात. दांत, डोळे, वजन पाहतात. त्यांच्याबरोबर वाचोपचारतज्ज्ञ ठराविक दिवशीं घोडेगांवास व जुन्नरास यावा, आणि घोडेगांवच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेंतील आश्रमशाळांतून त्यानें फिरावें, असें आम्हांस वाटतें. तोंवर मनाच्या त्रासासाठीं ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेला १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. त्यावर मराठींत बोलतां येतें आणि पैसे पडत नाहींत.

शाळेनेंहि एक काम आजपासून करावें. शिक्षकांच्या खोलींत एक वही ठेवावी, आणि मुलें दुखण्याला जे शब्द वापरतात ते त्यांच्याच तोंडचे तींत उतरून घ्यावे: कोणत्या गांवचें मूल, कोणता शब्द, त्याला त्यांतून काय म्हणावयाचें होतें. दोन वर्षांत त्या वहीचा असा कोश होईल कीं पुण्यांतील कोणत्याहि तज्ज्ञानें तो मागून न्यावा. मुलाला पुण्यास पाठवावयाचें झालें तर बरोबर एक चिठ्ठी द्यावी. तींत त्याचें गांव आणि घरची बोली असावी. दुखणें कोणत्या वारीं, कोणत्या तासाला येतें, रविवारीं आणि दिवाळीच्या सुटींत असतें कीं नाहीं, पावसाळ्यांत वाढतें कीं नाहीं हें असावें. घरांत गेल्या वर्षांत कोण गेलें, कोण आलें, काय विकलें हें माहीत असेल तर तेंहि असावें. आणि शेवटीं मुलाचें स्वतःचें वाक्य, व्याकरण न सुधारतां, त्यानें म्हटलें तसेंच.